धाकट्या भावाचा डीटीआय स्कॅन करावा का? स्किझोफ्रेनिया, व्हाइट मॅटर आणि जोखमीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या मोठ्या भावावर तीन वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. सुरुवातीला केलेला एमआरआय ‘नॉर्मल’ आला होता. आता त्यांच्या वाचनात आलं की या आजारात मेंदूच्या व्हाइट मॅटरमधल्या जोडण्या कमकुवत असतात आणि आजार दिसण्याआधीही तसं आढळू शकतं. धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे, बारावीत. त्याचा डीटीआय स्कॅन, म्हणजे या जोडण्यांचा अंदाज घेणारी तपासणी, करून घ्यावा का? दादाचं व्हाइट मॅटर गोळ्यांमुळे बिघडलं का? आणि बिघडलं असेल तर ते भरून येतं का?

ताई, मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दादाला आजार आहे एवढ्याच कारणासाठी धाकट्याचा डीटीआय करू नका. पैसे जातील हे कारण दुय्यम. त्या रिपोर्टातून त्याच्याबद्दल काहीच ठरणार नाही, आणि तरीही तो रिपोर्ट पुढची कित्येक वर्षं घरात सगळ्यांच्या डोक्यात राहील. अभ्यासात मन लागलं नाही तरी रिपोर्ट आठवेल, लग्नाची बोलणी निघाली तरी आठवेल. पण तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेंदूचा बाहेरचा करडा थर म्हणजे मुख्यतः चेतापेशींची वस्ती. त्या पेशींपासून निघणारे लांब तंतू आतल्या भागातून जातात आणि त्यांच्यावर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. त्या वेष्टनामुळे हा भाग पांढरा दिसतो, म्हणून व्हाइट मॅटर. कोपनहेगनमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत अशा तंतूंची एकूण लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर भरते. डाव्या आणि उजव्या अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या एका पट्ट्यातच सुमारे २० कोटी तंतू आहेत. मायलिनमुळे संदेश वेगाने जातो हे शाळेत शिकवतात. मानसोपचाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं हे की संदेश वेळेवर पोचतो.

वेळेवर पोचण्याचा आणि दादाला ऐकू येणाऱ्या आवाजांचा संबंध काय? आपण बोलतो, किंवा मनातल्या मनात काही म्हणतो, तेव्हा मेंदूचा पुढचा भाग ऐकण्याच्या भागाला आगाऊ सूचना देतो, की आता जे येतंय ते आपलंच आहे. त्यामुळे स्वतःचा आवाज ऐकताना श्रवणकेंद्राचा प्रतिसाद दबलेला असतो. मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवणाऱ्या ईईजीमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागात हे दबणं दिसतं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये ते कमी असतं, हे कॅलिफोर्नियातल्या ज्युडिथ फोर्ड आणि डॅनिअल मॅथलॉन यांनी वारंवार दाखवलं आहे. ही सूचना उशिरा पोचली किंवा पुसट पोचली, तर स्वतःचाच विचार परका वाटू शकतो, दुसऱ्या कोणाचा तरी आवाज म्हणून ऐकू येऊ शकतो. अर्विन फाइनबर्ग यांनी १९७८ मध्ये या दिशेने मांडणी केली होती. पुढचा भाग आणि श्रवणाचा भाग जोडणारा आर्क्युएट फॅसिक्युलस नावाचा कमानदार पट्टा आहे. संशोधकांचं लक्ष त्याच्यावर खिळलं ते यामुळे.

ही कल्पना मात्र स्कॅनरच्या कितीतरी आधीची आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेर्निकेंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच असं सुचवलं होतं की मेंदूचे भाग एकमेकांपासून सुटे पडल्यामुळे मनोविकार होत असावेत. लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस फ्रिथ यांनी १९९५ मध्ये स्किझोफ्रेनिया हा जोडण्यांचा विकार असावा का, हा प्रश्न आजच्या भाषेत पुन्हा विचारला. मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो पुरावा एका वेगळ्याच आजारातून आला. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी हा मायलिन नष्ट करणारा दुर्मिळ आनुवंशिक आजार. तो लहान बाळाला झाला तर चालणं-बोलणं जातं. पण तोच आजार १२ ते ३० या वयात सुरू झाला, तर १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार निम्म्याहून जास्त रुग्णांत भास आणि भ्रम दिसले होते. मायलिन पिकण्याच्या वयातच पुढच्या भागातल्या जोडण्यांना धक्का बसला, की सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाचं भान सुटणं, होऊ शकतो हे त्यातून दिसतं. मेंदूच्या पुढच्या भागातलं मायलिन सगळ्यात शेवटी, पार विशीपर्यंत पिकत राहतं. आणि मुलग्यांमध्ये स्किझोफ्रेनिया बहुधा सुरू होतो तो याच वयात.

आता दादाचा एमआरआय नॉर्मल का आला ते. नेहमीचा एमआरआय गाठ, रक्तस्राव, मायलिनचे मोठे चट्टे, सूज असल्या गोष्टी शोधायला असतो. सायकोसिसच्या पहिल्या झटक्यात आम्ही मानसोपचारतज्ज्ञ तो करतो तो मुख्यतः दुसरा आजार लपलेला नाही ना हे पाहायला. ‘नॉर्मल’ याचा अर्थ ‘आजार नाही’ असा नव्हे, आणि ‘सगळं मनाचे खेळ’ असा तर मुळीच नव्हे.

डीटीआय ही त्याच यंत्रावरची वेगळी तपासणी. ही पद्धत पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली. तिच्यात तंतू दिसत नाहीत, त्यांच्यातल्या पाण्याची हालचाल मोजली जाते. उसाच्या मोळीवर पाणी ओतलं तर ते कांड्यांच्या लांबीने सहज पळतं, आडवं जाताना अडतं. तंतूंच्या जुडग्यात पाण्याचे रेणू तसेच वागतात. पाणी एकाच दिशेला किती जास्त पळतं त्याचा आकडा म्हणजे एफए, शून्य ते एकच्या दरम्यान. लाल, हिरव्या, निळ्या दोऱ्यांचं जे देखणं चित्र तुम्हाला पाहायला मिळतं, त्यात लाल म्हणजे डावी-उजवीकडे जाणारे, हिरवे पुढे-मागे, निळे खाली-वर. ते दोरे संगणकाने पाण्याच्या हालचालीवरून अंदाजाने काढलेले असतात. छायाचित्र म्हणून त्याच्याकडे पाहू नका. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका स्पर्धेत वीस संशोधन गटांना खरं उत्तर आधीच माहीत असलेला नमुना दिला होता. बहुतेक खरे पट्टे त्यांच्या पद्धतींना सापडले, पण अस्तित्वात नसलेले पट्टेही ढिगाने सापडले.

दुसरी अडचण आकाराची आहे. डीटीआयचा एक ठिपका म्हणजे साधारण दोन मिलिमीटर बाजूचा ठोकळा. त्यात तंतू लाखोंच्या घरात, आणि पुष्कळ ठिकाणी दोन-तीन दिशांचे तंतू एकमेकांना छेदून जातात. अशा ठिकाणी एफए कमी आला म्हणून मायलिन खराब झालं असं म्हणता येत नाही. छेदणाऱ्यांपैकी एका दिशेचे तंतू विरळ झाले तर एफए उलट वाढतो. शिवाय स्कॅनरमध्ये माणूस हलला की आकडा बदलतो. आवाज ऐकू येत असलेला, घाबरलेला माणूस त्या धडधडणाऱ्या नळीत निवांत पडून राहील अशी अपेक्षाच चुकीची. चांगल्या अभ्यासांत हे सगळं तपासून वजा केलं जातं. गल्लीतल्या सेंटरच्या रिपोर्टात नाही.

एवढ्या अडचणी असूनही गटांची तुलना केली की फरक दिसतो, आणि तो पक्का आहे. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी लोकांचे स्कॅन एकाच पद्धतीने तपासले. पंचवीसपैकी वीस भागांत रुग्णांचा सरासरी एफए कमी होता. सगळ्यात मोठे फरक होते कॉर्पस कॅलोसममध्ये आणि पुढच्या भागातल्या अँटीरिअर कोरोना रेडिएटामध्ये. म्हणजे कोणता तरी एक पट्टा तुटलेला आहे असं चित्र नाही. सगळीकडे थोडं थोडं कमी आहे.

‘थोडं’ म्हणजे किती? सगळ्यात मोठा फरक होता प्रमाण विचलनाच्या (माणसामाणसांत एरवी दिसणाऱ्या चढउताराच्या मापाच्या) ०.४ पट. याचं साधं गणित करून दाखवतो, कारण तुमच्या प्रश्नाचा निकाल इथेच लागतो. निरोगी लोकांची सरासरी ही रेघ धरली, तर व्याख्येप्रमाणेच शंभरातले पन्नास निरोगी लोक रेघेच्या खाली असतात. फरक ०.४ असेल तर शंभर रुग्णांतले सुमारे पासष्ट खाली असतात. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर सुमारे ८४ टक्के भाग एकमेकांवर येतो. आता हे धाकट्याला लावू. सख्ख्या भावंडाला स्किझोफ्रेनिया असेल तर आयुष्यभराची जोखीम साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मानतात, एरवी ती एक टक्क्याच्या आसपास असते. अशी शंभर भावंडं घ्या. दहा जणांना पुढे आजार होणार आहे, नव्वदांना नाही. आजार होणाऱ्यांत आत्ताच रुग्णांइतका फरक आहे असंही उदारपणे मानून टाकू. रेघेच्या खाली त्या दहातले सहा-सात येतील आणि नव्वदातले पंचेचाळीस. म्हणजे पन्नासेक घरांत आम्ही घबराट पसरवणार, ती सहा-सात जणांसाठी. आणि जे तीन-चार सुटले त्यांच्या घरी ‘स्कॅन चांगला आला’ म्हणून निर्धास्त राहणार. ही दुसरी चूक मला पहिलीइतकीच धोक्याची वाटते.

‘आजाराच्या आधीही दिसतं’ हे तुम्ही वाचलंत, त्यात दोन वेगळे गट मिसळले जातात. एक म्हणजे रुग्णांचे निरोगी नातेवाईक. त्यांच्यात अनेक अभ्यासांत एफएमधला फरक सौम्य स्वरूपात दिसतो. यातले बहुतेक नातेवाईक आयुष्यभर ठणठणीत असतात, म्हणजे तो फरक घराण्याची खूण असू शकतो, आजाराची चाहूल असेलच असं नाही. दुसरा गट म्हणजे ज्यांना सौम्य लक्षणं सुरू झाली आहेत अशी मुलं: कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं वाटतं पण खात्री नसते, नाव घेतल्याचा भास होतो पण कळतं की भास आहे. अशा मुलांसाठी मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅक्गोरी आणि अ‍ॅलिसन युंग यांनी १९९० च्या दशकात खास क्लिनिक सुरू केलं, आणि तिथूनच ‘उच्च जोखीम’ हा वैद्यकीय निकष घडत गेला. या निकषात बसणाऱ्यांपैकीही दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकालाच सायकोसिस होतो. या गटातले व्हाइट मॅटरचे निष्कर्ष अभ्यासागणिक बदलतात. कुठे फरक सापडतो, कुठे नाही, कुठे भलत्याच भागात.

एफएचा आकडा किती फसवा असू शकतो याचं एक उदाहरण. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मतः नसलेली मुलं असतात. त्यांच्यातल्या सुमारे चौघांत एकाला मोठेपणी सायकोसिस होतो, म्हणजे माहीत असलेल्या जोखमींत ही फार वरची. त्यांच्या कॉर्पस कॅलोसममध्ये एफए निरोगी मुलांपेक्षा जास्त आढळला आहे. तसंच आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांत आर्क्युएट फॅसिक्युलसच्या काही भागात एफए वाढलेला असल्याचं बर्नमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं होतं. ‘कमी म्हणजे वाईट’ हे समीकरण इतकं सरळ नाही.

मला पुढच्या काळाबद्दल आशा वाटते ती संशोधक ओफर पास्टरनाक यांच्या पद्धतीमुळे. ते तंतूंच्या आतलं पाणी आणि बाहेरच्या पोकळीतलं मोकळं पाणी गणिताने वेगळं करतात. आजाराच्या अगदी सुरुवातीला मोकळं पाणी सगळीकडे वाढलेलं, आणि खुद्द तंतूंमधला बदल मात्र पुढच्या थोड्या भागापुरता, असं त्यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं. जुन्या रुग्णांत चित्र उलटं होतं. सुरुवातीची अवस्था सूज-दाहासारखी असेल तर ती वेळीच शमवता येईल, हा विचार यातून पुढे येतो. पण हे संशोधनाच्या पायरीवर आहे, तुमच्या शहरातल्या स्कॅन सेंटरच्या दरपत्रकावर येण्याजोगं नाही.

गोळ्यांचा प्रश्न तुम्ही जरा दबकत विचारलाय, पण तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एनिग्माच्या अभ्यासात औषधाचा डोस आणि एफए यांचा संबंध आढळला नाही. औषधाचा एक कणही न घेतलेल्या, पहिल्याच झटक्यातल्या रुग्णांतही व्हाइट मॅटरमधला फरक सापडलेला आहे. तेव्हा दादाचा आजार गोळ्यांनी आणलेला नाही. औषधांचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. वजन वाढतं, साखर वाढू शकते, हात थरथरतात, आणि हे सगळं तपासत राहायला हवं. पण ‘मेंदू खराब होतो’ म्हणून घरच्यांनी परस्पर गोळ्या बंद केल्या की काय होतं ते आकड्यांत सांगतो. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू असणाऱ्यांत २७ टक्के होतं आणि औषधाऐवजी रिकामी गोळी घेणाऱ्यांत ६४ टक्के. डोस कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. तशी मागणी करणं हा तुमचा हक्क आहे, आणि ती ऐकून न घेणारा डॉक्टर बदलणं हासुद्धा.

भरून येतं का? व्हाइट मॅटर आयुष्यभर बदलत असतं. ऑक्सफर्डमध्ये २००९ मध्ये तरुणांना सहा आठवडे चेंडू झेलायची जगलिंग शिकवली, तर मेंदूच्या संबंधित भागात एफए वाढला. नेदरलँड्समध्ये सहा महिने नियमित सायकलिंगचा व्यायाम केलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये व्हाइट मॅटरचे आकडे सुधारले. हे अभ्यास लहान आहेत, पण दादाला रोज संध्याकाळी चालायला नेण्यासाठी मला त्याहून मोठा पुरावा नको. वजन, साखर, झोप यांनाही त्याचा उपयोग आहेच. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र विकत घेऊ नका. व्हिएन्नातल्या उच्च जोखमीच्या ८१ मुलांच्या अभ्यासाने २०१० मध्ये सायकोसिस टळण्याची मोठी आशा निर्माण केली होती. मग ३०४ जणांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात, २०१७ मध्ये, तो फायदा दिसला नाही.

एक तपासणी मात्र दोन्ही भावांची जरूर करून घ्या: बी-१२. हे जीवनसत्त्व मायलिन राखायला लागतं आणि त्याची मोठी कमतरता असेल तर संशय, भास, गोंधळ अशी लक्षणं होऊ शकतात, तीही इंजेक्शनांनी सुधारणारी. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहरातल्या, वस्तीतल्या आणि खेड्यातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी होतं. आपल्याकडचा आहार पाहता हे नवल नाही. डीटीआयच्या तुलनेत ही रक्ततपासणी अगदीच स्वस्त आहे, आणि तिच्या निकालावर काहीतरी करता येतं.

आता धाकट्यासाठी काय पाहायचं. अमेरिकेतल्या नॅपल्स या प्रकल्पाने २०१६ मध्ये उच्च जोखमीच्या ५९६ तरुणांच्या माहितीवरून पुढची दोन वर्षं वर्तवणारा एक हिशेब तयार केला. त्यात संशय आणि चमत्कारिक विचारांची तीव्रता, मित्रांत, लोकांत मिसळण्यात झालेली घसरण, ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता, विचाराचा वेग, वय अशा गोष्टी आहेत. स्कॅन त्यात नाही. आणि लक्षणं सुरू झालेल्या मुलांमध्ये, घरात आजार असण्याने त्या भाकितात फारशी भर पडली नाही. हा हिशेब मदत मागायला आलेल्या मुलांसाठी आहे, तुमच्या ठीक असलेल्या भावाला तो लावायचा नाही. पण कशाकडे लक्ष द्यायचं हे त्यातून कळतं.

त्याची तुलना दादाशी करू नका, त्याची त्याच्याशीच करा. सहा महिन्यांपूर्वी क्रिकेटला जाणारा मुलगा आता खोलीबाहेर येत नाही. रात्रभर जागा, दिवसा झोपलेला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो आणि विचारलं तर पटेल असं कारण देत नाही. आई-बाबा हळू बोलले की ‘माझ्याबद्दल काय चाललंय’ म्हणून तडकतो. बोलणं एका विषयावरून दुसऱ्यावर घसरतं आणि मधला दुवा सापडत नाही. यातली एखादी गोष्ट बारावीच्या ताणाने कोणातही दिसेल. दोन-तीन एकत्र, आठवडेच्या आठवडे, वाढत्या क्रमाने दिसल्या तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. स्कॅन सेंटरमध्ये नाही, आणि देवऋष्याकडेही नाही. या टप्प्यावर सहसा गोळ्यांनी सुरुवात होत नाही. बोलण्याचे उपचार, झोपेची घडी बसवणं, आईवडिलांशी बोलणं आणि बारीक लक्ष, यांवर भर असतो.

गांजाबद्दल त्याच्याशी आत्ताच बोला, तो ओढत नसला तरी. युरोप आणि ब्राझील मिळून अकरा ठिकाणी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता न ओढणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त आढळली. रोजचा आणि तोही जास्त तीव्रतेचा माल असेल तर जवळजवळ पाचपट. जनुकं बदलता येत नाहीत, ही गोष्ट बदलता येते. पुढच्या वर्षी तो होस्टेलला जाणार असेल तर तिथे गेल्यावर फोनवर सांगण्यापेक्षा घरात, समोर बसून सांगितलेलं बरं. दादाला काय झालंय हेही त्याला आजाराच्या नावासकट सांगा. त्या वयाच्या मुलाला घरातलं सगळं दिसत असतं, आणि आपलंही असंच होईल का ही भीती तो एकटाच बाळगून असतो.

आणि तुमच्या आईला माझा एक निरोप द्या. ‘लहानपणी त्याला फार ओरडले म्हणून असं झालं का,’ असं त्या विचारतात, हे तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत वाचलं. हजारो स्कॅनमधून जो फरक दिसतो तो मेंदूच्या जडणघडणीतला आहे. त्यात मोठा वाटा जनुकांचा आहे, काही गर्भावस्थेतल्या गोष्टींचा, काही पुढच्या परिस्थितीचा. ओरडण्याने स्किझोफ्रेनिया होत नाही. पण घरात सतत टोचून बोलणं, दोष देणं चालू असेल तर बरा झालेला आजार पुन्हा उलटायला ते मदत करतं, हे १९७० च्या दशकापासून अनेक देशांत तपासलं गेलं आहे. म्हणून गेलेल्या दिवसांचं ओझं त्यांनी उतरवावं, आणि आत्ता दादा उशिरा उठला तर काय बोलायचं, कोणत्या स्वरात बोलायचं, हे त्याच्या डॉक्टरांकडून किंवा समुपदेशकाकडून शिकून घ्यावं. जवळ कोणी नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. धाकट्याला कधी दाखवायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना आधीच सांगा की दहा-पंधरा मिनिटं त्याच्याशी एकट्याने बोला. घरच्यांसमोर सतरा वर्षांचा मुलगा ‘मला आवाज येतो’ असं सहसा कबूल करत नाही.